इंद्रायणीचं मातीचं घर

१२ एप्रिल १९९३, बदनापूर

भिंत छातीइतकी उंच झाली! चारी बाजूंनी सारखी.

सकाळी तातेराव मिस्त्रींशी भांडण. त्यांचं म्हणणं, काळ्या मातीत मुरूम एवढा कशाला, भिंत भुसभुशीत होईल. माझं म्हणणं, काळी माती वाळली की तडकते, मुरूम पाहिजेच. शेवटी दोन्ही मिश्रणांचे गोळे करून उन्हात ठेवले. दुपारपर्यंत त्यांचा गोळा उकलला. चहा त्यांनी पाजला. एवढ्यावर मिटलं.

दुपारी अण्णासाहेब आले. शिक्षण संस्थेचे अध्यक्ष, सत्तरी ओलांडलेले, तरी भर उन्हात स्कूटरवर. आल्याआल्या भिंतीला तळहात लावला, मग गाल लावला! "सत्यशीलाबाई, बाहेर आग पडून राह्यली अन् ही बघा कशी गारेगार." मुलींचं वसतिगृह मातीचं आणि लाकडाचं बांधू म्हटलं तेव्हा संस्थेतले बाकी सगळे हसले होते. हे एकटे हसले नाहीत. "लाईट निम्मा दिवस नसते. पोरींनी अभ्यास कुठं करायचा? थंड बांधा," एवढंच म्हणाले.

संध्याकाळी मजूर गेले. मी भिंतीच्या सावलीत बसून राहिले. खोलीवर जाऊन तरी काय करायचं! पत्र्याची खोली, रात्रीपर्यंत तापलेली. लोकांना थंड घरं बांधून देणारी बाई स्वतः तव्यावर राहते.

१८ एप्रिल

रविवार. काम बंद. दिवसभरात कोणाशी बोलले? दूधवाल्याशी. "उद्या अर्धा लिटरच द्या."

९ मे, आष्टी

बद्रीनाथदादाकडे आलेय. घराला नवीन स्लॅब टाकला म्हणून जेवण होतं. जुनं धाब्याचं घर पाडलं. मला कळवलंही नाही. पाडायलाच आलं होतं खरं तर — आढ्याला वाळवी लागलेली, वरची माती दरवर्षी टाकून टाकून ढीग झालेला. तरी.

पंगतीत दादा सगळ्यांसमोर: "आमची शीला आर्किटेक्ट झाली अन् लोकांना मातीत राहा म्हणती. आम्ही मातीतून निघून राह्यलो, ही परत घालून राह्यली." सगळे हसले. मीही हसले. काय करणार!

दुपारी नव्या खोलीत कोणी टेकू शकेना. आई ओला टॉवेल डोक्यावर घेऊन दारात बसली. मी म्हटलं, "आई, बदनापूरला चल माझ्याकडं." म्हणाली, "तुझ्याकडं म्हंजे कुठं? तुझं घर कुठं हाय?"

तिनं साधंच विचारलं. वाईट हेतू नव्हता.

२१ जून

एसटीडी बूथवरून इंद्रायणीला फोन. ती शाळेत शिकवते, तालुक्याच्या शाळेत फोन आहे, मधल्या सुट्टीत सापडते. औरंगाबादला होस्टेलवर आम्ही एका खोलीत होतो. मला "अगं शिले" म्हणणारी जगात ती एकटी.

तीन वर्षांपूर्वी तिचं घर बांधलं. माझं पहिलं. स्वतःच्या नावावर बांधलेलं पहिलं! औसा तालुक्यात, गावाच्या कडेला, शेताला लागून. लाकडी खांब, ठोकलेल्या मातीच्या भिंती, खाली-मध्ये-वर लाकडाचा पट्टा, कमरेला पट्टा बांधावा तसा. वर धाबं नाही, बांबू आणि कौलं. गावातले म्हणायचे, दगडाची हात-दोन हात जाड भिंत नाही, वर माती नाही, हे कसलं घर! एका वाऱ्यात उडेल. मल्हारी — तिचा नवरा, एसटीत ड्रायव्हर — तोही धास्तावला होता. तिनंच रेटून नेलं.

आज म्हणाली, "अगं शिले, उन्हाळ्यात सासूबाई रोज दुपारी माझ्याकडं झोपायला यायच्या. तोंडानं म्हणत न्हाईत, पण येतात बराबर." किती हसलो! बूथवाला बघायला लागला.

तिची मुलगी आता पाच वर्षांची. कोनाड्यात बसून राहते म्हणे. मी तो कोनाडा कंदिलासाठी काढला होता.

१४ ऑगस्ट

पाऊस. काम बंद. भिंतींवर प्लास्टिक. रोज सकाळी जाऊन दगड बाजूला करते, कागद उचलून बघते, परत झाकते. गिरिजाबाई — घरमालकीण — म्हणाल्या, "लेकराला बघून आल्यावानी येता."

२९ सप्टेंबर

छताचं लाकूड चढलं! कडुनिंबाच्या तुळया, सगळ्या बसल्या. तातेरावांनी शेवटच्या तुळईला कुंकू लावलं, नारळ फोडला. गावात गणपती विसर्जनाची वाजंत्री चाललेली, आम्हाला वाटलं आपल्यासाठीच वाजतेय.

अण्णासाहेब म्हणाले, "दिवाळीनंतर पोरी येतील." 

इंद्रायणीला सांगायचं राहिलं. आज शाळेला सुट्टी. उद्या फोन करीन.

३० सप्टेंबर

पहाटे खाट हलली. वाटलं, मालगाडी गेली. स्टेशन जवळच.

सकाळी रेडिओ. भूकंप. लातूर. किल्लारी. औसा तालुका.

बूथवर रांग. लाईन लागत नाही. कोणाचीच लागत नाही.

१ ऑक्टोबर

लाईन नाही.

रेडिओवर आकडे वाढून राह्यलेत. "मातीची घरं कोसळली" म्हणतात. पुन्हा पुन्हा तेच. मातीची घरं, मातीची घरं. गिरिजाबाईंनी रेडिओ माझ्या खोलीकडून आतल्या घरात नेला. मला बरं वाटावं म्हणून. तरी ऐकू येतं.

मी त्या घराचा नकाशा डोक्यात पुन्हा काढतेय. ईशान्येचा कोपरा. तिथं पट्ट्याचा सांधा मी बघितला होता का? बघितला होता. खिळा बांबूचा होता की लोखंडाचा? आठवत नाही. आठवत कसं नाही!

तिला मी मारलं का?

२ ऑक्टोबर

जालन्याहून मदतीचा ट्रक चाललाय. धान्य, ब्लँकेटं. ड्रायव्हरशेजारी जागा मिळाली. जातेय.

४ ऑक्टोबर

काल पोचले. लिहायला पाहिजे. आत्ता नाही लिहिलं तर पुढे वेगळंच आठवेल.

पाऊस होता. गाव कुठं सुरू होतं ते कळत नव्हतं. गावाच्या जागी दगडांचा ढीग, गोल-गोल दगड, आणि वर धाब्याची ओली माती. जवान उकरत होते. मी बघितलं — भिंतींना दोन पदर, मधे नुसते गोटे भरलेले, दोन्ही पदर बांधून धरायला काही नाही. वर पिढ्यानपिढ्या टाकलेल्या मातीचं ओझं. खांब काही ठिकाणी उभेच होते. भिंती तेवढ्या अंगावर आलेल्या. असं सगळं मी बघत होते, समजून घेत होते. डोकं बंद होत नाही माझं.

मग गावाच्या कडेला गेले. 

घर उभं होतं.

थोडी कौलं पडलेली. एका कोपऱ्याला बोट जाईल एवढी चीर. बाकी जसंच्या तसं. दाराला कडी. चिखलात मी एकटी, आणि मला आनंद झाला. खरंच झाला. छातीत धप्पकन उजेड पडावा तसा. माझं घर उभं आहे! मी धावले. "इंद्रायणी!" म्हणून ओरडले.

दाराला कडी बाहेरून होती.

मल्हारी मागच्या बाजूला दगडावर बसला होता. खाकी गणवेशातच. त्या रात्री तो पुण्याच्या गाडीवर होता. माझ्याकडे बघितलं. म्हणाला, "ताई, आत कोनी न्हाई."

विसर्जनाची मिरवणूक त्याच्या आईच्या घरावरून जाते, गावाच्या मधोमध. इंद्रायणी पोरीला घेऊन तिकडे गेली होती. तिथंच झोपली. सासू, ती, पोरगी. तिघींना एकत्रच अग्नी दिला. गावातल्या सगळ्यांनाच एकत्र.

मी त्याच्याजवळ बसले.

एक वर्तमानपत्रवाला आला. एवढ्या पडझडीत हे घर कसं राहिलं, कोणी बांधलं, विचारायला लागला. मल्हारीनं माझ्याकडे बोट केलं नाही. मीही बोलले नाही. त्यानं घराचा फोटो काढला आणि गेला.

६ ऑक्टोबर, बदनापूर

परत आले. आनंद झाला होता ते जात नाही. तेच घासून निघत नाही. 

गाव सगळं अंगणात झोपतं. अफवा रोज नवीन.

१९ ऑक्टोबर

संस्थेची बैठक झाली. व्हरांड्यात, छपराखाली बसायला कोणी तयार नाही म्हणून खुर्च्या वसतिगृहासमोरच्या मैदानात मांडल्या.

तीन-चार मुलींचे बाप आले होते. त्यातला एक उठला, हात जोडून म्हणाला, "म्याडम, तुमचं शिक्षण असंल. पण आमची लेक मातीखाली न्हाई ठेवायची." त्याच्या जागी मी असते तरी तेच म्हटलं असतं.

मी सांगितलं. तिकडच्या भिंती कशा होत्या, आपल्या कशा आहेत. पट्टे दाखवले. हलकं छप्पर दाखवलं. लोक ऐकत होते, पण डोळे माझ्यामागच्या भिंतींकडे, कधी हलतात बघत.

अण्णासाहेब म्हणाले, "बाई, तुम्ही तिकडं जाऊन आल्या. तुमच्या पद्धतीचं एखादं घर राह्यलंय का उभं? तसं असलं तर सांगा. मी ह्या लोकांना गाडीत घालून नेतो, दाखवतो. बिलकुल नेतो."

सगळे माझ्याकडे बघायला लागले.

'हो' म्हटलं की झालं असतं. एक शब्द. मग प्रश्न आला असता — घरातले वाचले का? आणि मग जीपगाड्या भरून माणसं तिथं गेली असती. भिंतीवर हात थापटून बघितला असता. कडी काढून आत गेली असती. कोनाड्यात डोकावली असती. मल्हारी दगडावर बसलेला असता.

मी म्हटलं, "माझ्याकडे दाखवण्यासारखं काही नाही."

अण्णासाहेब हळू म्हणाले, "पोरी लोकांच्या आहेत, बाई. एक ढेकूळ जरी पडलं तर मी कोणाला तोंड दाखवू?"

पाडायचं ठरलं. सिमेंटचं बांधणार. जालन्याचा दुसरा इंजिनियर.

२० ऑक्टोबर

बरोबर केलं की चूक, माहीत नाही. विचारायला होती ती एकच.

६ डिसेंबर

आज पाडायला सुरुवात. जायचं नव्हतं, गेले.

पहारी लावल्या तर पोपडे निघेनात. मजूर घामाघूम. एक जण वैतागून म्हणाला, "अरं ही काय माती हाय का काय हाय!" तातेराव माझ्याशेजारी उभे होते. ते म्हणाले, "चला बाई, इथं नका थांबू." मी थांबले. गिलाव्याचं काम करणारी गोपिकाबाई आली होती, पदर तोंडाला लावून उभी. तिनं पंधरवडाभर शेण-भुशाचा गिलावा केला होता, हातानं, अर्धी भिंत. मला म्हणाली, "तुम्ही का न्हाई भांडल्या?"

अण्णासाहेब आले नाहीत.

११ फेब्रुवारी १९९४

नवीन जालन्यात नोकरी धरली. बियाण्याच्या एका कंपनीची गोदामं. पत्रा, लोखंड, सिमेंट. नकाशे काढायचे, द्यायचे. सकाळच्या गाडीनं जाते, संध्याकाळी येते. ऑफिसात सगळे चांगले आहेत. जेवायच्या सुट्टीत डबे उघडून एकत्र बसतात. मला बोलावतात. मी जाते, बसते. ते बोलतात त्यातलं निम्मं माझ्या कानात जात नाही.

आईचा निरोप — लग्नाचं बघू का, अजून उशीर झालेला न्हाई.

३ मार्च

एसटीडी बूथवरून जाताना हात पर्सकडे गेला. आज काहीतरी सांगायचं होतं तिला. काय ते आता आठवतही नाही.

२ मे

मल्हारी आला.

ऑफिसच्या फाटकाशी उभा होता. मी ओळखलंच नाही, एवढा वाळलाय. समोरच्या हॉटेलात चहा घेतला. त्यानं बशीत ओतला, प्यायला नाही.

सरकारनं गावाबाहेर पत्र्याच्या शेडमध्ये ठेवलंय. नवीन गाव दुसऱ्या जागी वसवणार आहेत. बाकी सगळी जुनी जागा रिकामी झाली. एक घर तेवढं उभं आहे. नोकरीवर परत गेलाय, पण रात्रीच्या गाड्या घेत नाही.

मी विचारलं, "घरात का नाही राहत? पत्र्यात कसा काढतोय हा उन्हाळा?"

टेबलाकडे बघत म्हणाला, "ताई, ती तिकडं झोपनार नव्हती. मिरवणूक बघून माघारी घरी येते म्हणत होती. मीच म्हनलं — मी ड्युटीवर, गावाबाहेर एकटी पोरीला घेऊन नको राहू, आईकडंच झोप. ड्युटीवर निघता-निघता म्हनलं. बस, तेवढंच."

मी त्याच्या हातावर हात ठेवला. हॉटेलवाला बघत होता, बघू दे.

म्हणाला, "तुमाला यक काम सांगायला आलो. ते घर उतरवून द्या. दुसऱ्या कोनाला मी हात लावू देनार न्हाई. तुम्ही उभं केलं, तुम्हीच खाली घ्या. सगळं पडलं, आन् ते उभं हाय. गाडी घेऊन रोज त्या रस्त्यानं जातो. मला ते बघवत न्हाई."

३ मे

रात्रभर विचार. खरं तर विचार कसला. माझ्या नावावरचं आता तेवढंच उरलंय. गोदामांवर माझं नाव नसतं.

पण ज्यांच्यासाठी बांधलं, त्यांचंच आहे ते. ठेवा म्हणायचा हक्क मला कुठून आला?

तातेरावांना विचारलं. म्हणाले, "कौलं सावकाश उतरवू. फुटू द्यायची न्हाईत."

८ मे, औसा तालुका

संध्याकाळी पोचलो. मी, तातेराव, त्यांचे दोन भाऊबंद. मल्हारीच्या शेडमध्ये उतरलो. आत पाऊल टाकवत नाही, भट्टी! पत्र्याला हात लागला तर चटका. तो म्हणतो, सवय झाली. डोळे लालभडक. शेजारची म्हातारी मला बाजूला घेऊन म्हणाली, "बाई, हे लेकरू झोपतच न्हाई. रातभर शेडीच्या भायेर फिरतंय. दुपारी पन न्हाई. ड्युटीवर गाडी कशी चालवतंय, देवाला ठावं."

उद्या सकाळी कौलांपासून सुरुवात. मल्हारी म्हणाला, तो येणार नाही. लांबून बघीन म्हणाला.

९ मे

कौलं उतरवायला घेतली होती. कडक ऊन चढलं. मल्हारी येणार नाही म्हणाला होता, आला. तातेरावांना म्हणाला, एकदा आत जाऊन येतो.

कडी त्यानंच काढली. मी बाहेरच थांबले. बराच वेळ झाला, आवाज नाही. मला भीती वाटली. दारातून बघितलं.

भिंतीला पाठ लावून, तिथंच घसरून, जमिनीवर आडवा झालेला. चप्पल पायातच. गार भुईला गाल लावून घोरत होता.

वर कौलांचा आवाज झाला. तातेराव शिडीवरून विचारत होते, "पुढची काढू का?"

मी तोंडावर बोट ठेवलं आणि हातानंच त्यांना खाली बोलावलं.